ओटीपी बाबांच्या मोबाइलवर येतो

पेरूगेट

गेल्या पावसाळ्यात बहिणीच्या घरी, कर्वेनगरला, एका संध्याकाळी जे पाहिले ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतो आहे. भाचीला अभियांत्रिकी प्रवेशाचे पसंतीक्रम भरायचे होते. तिला सीओईपीचे, म्हणजे पुण्याच्या जुन्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, सिव्हिल सर्वांत वर टाकायचे होते. शाळेच्या सहलीत पानशेतचे धरण पाहून आल्यापासून धरणे आणि कालवे हे तिचे वेड आहे, आणि जी संस्था १८५४ साली सरकारी बांधकामाची माणसे तयार करण्यासाठीच निघाली तिथे सिव्हिल शिकण्यात काही वावगे आहे असे मलाही वाटत नव्हते. मेहुण्यांचे म्हणणे असे की कॉलेज कोणतेही चालेल, शाखा मात्र कॉम्प्युटरच हवी.

यावरून भांडण झाले असते तर मी इथे लिहीत बसलो नसतो. भांडण झालेच नाही. लॅपटॉप भाचीसमोर होता, माउस तिच्या हातात होता. सीईटीची नोंदणी ती सतरा वर्षांची असताना झाली असल्यामुळे नोंदवलेला क्रमांक मेहुण्यांचा होता आणि त्यांचा फोन पोह्यांच्या बशीशेजारी पालथा पडलेला होता. "तुला हवे ते भर, मी नाही म्हणणार नाही," असे ते दोनदा म्हणाले. तिने सिव्हिल वर टाकले, ओटीपी मागवला, फोन टेबलावर थरथरला, आणि मेहुण्यांनी त्याला हात लावला नाही. "एकदा पुन्हा विचार कर," एवढेच ते म्हणाले. तीन वेळा ओटीपीची मुदत संपली. चौथ्या वेळी तिने कॉम्प्युटर वर नेले, तेव्हा फोन सुलटा झाला आणि सहा आकडे स्पष्ट आवाजात वाचून दाखवण्यात आले. मी मामा म्हणून समोर बसलो होतो आणि पोह्यांवर आणखी खोबरे मागून घेतले. याहून जास्त काही मी केले नाही, हेही नोंदवून ठेवतो.

भाची तेव्हा अठरा पूर्ण होती. माझा प्रश्न असा आहे: तुमच्या आयुष्याच्या कागदावरची शेवटची सही तुमची कधी झाली? ती घरच्यांनी आपण होऊन तुमच्या हाती दिली, की तुम्हाला घ्यावी लागली?

एक ते चार

माझे वय ५४ आहे. गॅस सिलिंडरचा ओटीपी अजूनही माझ्या ८१ वर्षांच्या वडिलांच्या मोबाइलवर येतो. ते दुपारी झोपलेले असले की सिलिंडर परत जातो. आपल्या भाचीला सांगा, घाई करू नये.

कर्ता पुरुष

पेरूगेट, मेहुण्यांची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. फोन पालथा ठेवण्याची तऱ्हा मलाही आवडली नाही. तोंडावर 'नाही' म्हणावे, हे बरे. पण त्या फोनच्या मागे काय होते, हे आपण लिहिलेले नाही. शैक्षणिक कर्ज काढायचे झाले तर बँक अठरा वर्षांच्या मुलीच्या एकटीच्या सहीवर समाधान मानत नाही, पालकाला सहकर्जदार करून घेते, आणि हप्ते थकले तर बापाचीही पत जाते. ज्याची मान अडकणार आहे त्याने शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवला तर त्याला लगेच हुकूमशहा ठरवू नये.

माझ्या थोरल्याला मी त्याच्या मनासारखे करू दिले. अ‍ॅनिमेशनचा अभ्यासक्रम, एक खासगी संस्था, दोन वर्षांचे साडेतीन लाख. सव्वा वर्षाने त्याने तो सोडला. आज तोच मुलगा मला म्हणतो, "बाबा, तुम्ही तेव्हा मला अडवायला हवे होते." आता बोला.

कॉट बेसिस

पैशाचा विषय निघालाच आहे, तर पैसे घेणाऱ्याच्या बाजूनेही थोडे लिहितो. मी लातूर जिल्ह्यातला, वय २९, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहतो. एका खोलीत पाच कॉट, अभ्यासिकेतील खुर्ची वेगळी, मेस वेगळी. दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला वडिलांचे पैसे खात्यावर येतात आणि पाठोपाठ एक फोन येतो, त्यात "पोचले का?" आणि "जेवलास का?" याखेरीज काहीही नसते.

माझ्या वडिलांनी माझ्यावर कधीच काही लादले नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची नवी वर्णनात्मक परीक्षापद्धत २०२५ पासून लागू करावी म्हणून पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले, त्यात मीही होतो. गावाकडे बातम्यांत ती गर्दी दिसली. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. फोन आला आणि त्यांनी विचारले, "थंडी आहे का रे तिकडं रात्रीची?" गेल्या वर्षी ते पहिल्यांदा खोलीवर आले. कॉटच्या कडेला, जणू परक्याच्या घरी बसावे तसे, अंग चोरून बसले, भिंतीवरचे माझे वेळापत्रक खालून वरपर्यंत वाचले, त्याचा एक कोपरा सुटला होता तो अंगठ्याने दाबून बसवला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. त्या वर्षी सोयाबीनला भाव नव्हता हे मला नंतर चुलत्याकडून कळले.

त्यांनी एकदा जरी रागावून "पुरे झाले, परत ये" असे म्हटले असते, तर मी भांडून का होईना, मोकळा झालो असतो. न बोलणाऱ्या माणसाची आज्ञा मोडता येत नाही. खुल्या प्रवर्गासाठी वयाची अट ३८ वर्षांची आहे, म्हणजे आणखी नऊ वर्षे 'मुलगा' राहण्याची मुभा मला शासनानेच दिलेली आहे.

फळा खडू

कॉट बेसिस, आपला प्रतिसाद दोनदा वाचला.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ साली पालकांच्या अधिकाराचे तीन प्रकार मांडले होते. पहिला नुसता हुकूम सोडणारा, दुसरा शिस्त लावणारा पण कारण सांगणारा आणि ऐकून घेणारा, तिसरा सगळेच सोडून देणारा. आम्हाला बी.एड.ला हे पाठ असते आणि परीक्षेपुरते ते सोयीचेही असते. मात्र कॉट बेसिस यांचे वडील या तिन्ही खणांत बसत नाहीत, आणि माझ्या वर्गातील निम्मे पालकही बसत नाहीत. हुकूम करायचा नाही, कारण द्यायचे नाही, सोडूनही द्यायचे नाही, फक्त आपण किती सोसतो ते मुलाला दिसत राहील असे जगायचे. यासाठी चौथा खण आपल्याकडे करावा लागेल. (बॉमरिंड बाईंच्या चौकटीत चौथा खण पुढे १९८३ मध्ये इतरांनी घातला, पण तो दुर्लक्ष करणाऱ्या पालकांचा आहे. हे अगदी उलटे टोक झाले.)

पालकसभेत मी एक गंमत नेहमी पाहते. मी मुलीला विचारते, "तुला रसायनशास्त्र अवघड का जाते?" आणि उत्तर वडील देतात. मुलगी वडिलांच्या तोंडाकडे अशी पाहत राहते, जणू तिलाही ते आत्ताच कळते आहे. गेली तीन वर्षे मी पहिली पाच मिनिटे पालकांना बाहेरच्या बाकावर बसवते. दोन पालकांनी त्याबद्दल प्राचार्यांकडे तक्रार केली. एका मुलाने त्या पाच मिनिटांत पहिल्यांदाच सांगितले की त्याला फळ्यावरचे दिसत नाही आणि चष्म्याचा खर्च घरी सांगायची त्याला भीती वाटते.

उगाच मधे

मला हा सगळा धागा जुन्या पुण्याबद्दलचा वाटतो. आमच्या बाणेरच्या सोसायटीत आई-बापच पोरांना घाबरून असतात. गाडी कोणती घ्यायची, सुट्टीत कुठे जायचे, रात्री काय मागवायचे, हे सगळे नववीतली मुले ठरवतात. कुठली सत्ता घेऊन बसलात?

दुसरी सून

उगाच मधे, गाडीचा रंग मुलाने ठरवला म्हणजे त्याच्या हाती सत्ता आली असे नव्हे. त्याच मुलाला सांगा की घरी जाऊन "मला कला शाखेला जायचे आहे" असे म्हण. मग गाडी कोण चालवते ते कळेल.

जुनी वही

कर्ता पुरुष यांचा मुद्दा असा की ज्याचा पैसा त्याचा शब्द. हे ऐकायला सरळ वाटते, पण आपल्याच शहराचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

१८७३ साली महादेव गोविंद रानडे एकतीस वर्षांचे होते, पुण्यात न्यायाधीश होते, स्वतःच्या पगारावर घर चालवत होते आणि विधवाविवाहाच्या चळवळीत उघडपणे सामील होते. पहिली पत्नी गेली तेव्हा ते विधवेशीच लग्न करतील अशी मित्रांची अपेक्षा होती आणि वडिलांना नेमकी तीच धास्ती होती. वडिलांनी घाईने अकरा वर्षांची मुलगी पाहिली आणि रानड्यांनी मान तुकवली. ते पैशाच्या बाबतीत वडिलांवर मुळीच अवलंबून नव्हते. आता त्याआधी चोवीस वर्षे मागे जा. १८४९ साली बावीस वर्षांचे जोतीराव वडिलांच्या घरात राहत होते. वडिलांनी सांगितले की शाळा सोड, नाहीतर घर सोड. जोतीराव आणि अठरा वर्षांच्या सावित्रीबाई घर सोडून बाहेर पडले. कमावता होता त्याने ऐकले, घरात राहणारा होता त्याने ऐकले नाही. तेव्हा हा प्रश्न खिशाचा कमी आणि मनात बसलेल्या धाकाचा जास्त असावा, असे माझे मत आहे.

एक ते चार

जुनी वही, दोघांच्याही वडिलांचे नाव गोविंदराव होते हे आपण लिहायचे राहिले. माझ्या वडिलांचे नाव वेगळे आहे, तरीही परिणाम तोच.

दुसरी सून

जुनी वही, उदाहरण फार चांगले दिले, पण ते आपण रानड्यांच्या बाजूनेच पाहिले. रानड्यांनी वडिलांचे ऐकले त्याची किंमत कोणी मोजली? त्या अकरा वर्षांच्या रमाबाईंना तर कोणी विचारलेच नव्हते. पुढे रानड्यांनी त्यांना शिकवायला घेतले तेव्हा छळ झाला तो घरातल्या बायकांकडून, आणि तोही रानडे कचेरीत गेल्यावर. म्हणजे सत्ता नुसती वरून खाली येत नाही. ज्या पायरीवर माणूस उभे असते तिथून ते खालच्या पायरीवरच्याला ढोसते.

माझ्या माहेरचे सांगते. आम्ही दोघी बहिणी. कशालाही परवानगी हवी असली, मैत्रिणीकडे राहायला जायचे असो, केस कापायचे असोत, आईचे उत्तर ठरलेले, "बाबांना विचारून सांगते." दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटता लाटता, मागे न बघता ती सांगायची, "बाबा नको म्हणाले." आम्ही बाबांवर वर्षानुवर्षे मनातून रुसलेल्या होतो. बाबा निवृत्त झाल्यावर एकदा गच्चीत वाळवण राखत बसले होते, तेव्हा मी त्यांना विचारले की दहावीनंतरच्या हिमालयाच्या शिबिराला तुम्ही मला का जाऊ दिले नाही? ते माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांना त्या शिबिराबद्दल काहीच ठाऊक नव्हते. आईने त्यांना विचारलेच नव्हते, त्याच वेळी काय, बहुधा कुठल्याच वेळी विचारले नव्हते.

मी आईला याचा जाब विचारला नाही. तिच्या हाती स्वतःचा असा अधिकार कधी आलाच नव्हता. तिने नवऱ्याच्या नावाचा शिक्का बनवून घेतला आणि वीस वर्षे वापरला.

कर्ता पुरुष

हा शिक्का आमच्याही घरी आहे, असे आत्ता माझ्या लक्षात येते आहे. आज रात्री चौकशी करतो.

कलम सहा

मी वकिली करते, म्हणून कायद्याचे थोडे. सज्ञान होण्याचे वय अठरा हे १८७५ च्या कायद्यापासून आहे. मतदानाचे वय मात्र एकवीस होते. ते १९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने अठरावर आले. लग्नासाठी मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस. म्हणजे अठरा वर्षांचा मुलगा खासदार निवडून देऊ शकतो, बायको निवडू शकत नाही.

हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याच्या, १९५६ च्या, सहाव्या कलमात नैसर्गिक पालक म्हणून वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असे शब्द आहेत. हे 'नंतर' म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतरच असे नव्हे, तर ते जबाबदारी घेत नसतील तेव्हाही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये लावला. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत महाराष्ट्रात आईचे नाव वडिलांच्या आधी येऊ लागले आहे. कागद हळूहळू सुधारतो आहे, हे मान्य करायला हवे.

पण पेरूगेट यांनी सहीची गोष्ट काढली म्हणून सांगते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला, तोही त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरता, आणि देशभर तो २००५ मध्ये आला. माझ्याकडे येणाऱ्या अनेक बायकांची शाळा, शाखा, स्थळ, लग्नाची तारीख यांपैकी कशावरही त्यांची सही लागलेली नसते. घरच्यांना त्यांची सही पहिल्यांदा हवी असते ती हक्कसोडपत्रावर. त्या दिवशी मात्र त्यांना गाडीने नेण्यात येते, निबंधक कार्यालयात बसायला खुर्ची मिळते आणि बाहेर आल्यावर उसाचा रसही मिळतो. एका बाईंनी मला विचारले होते, "सही मराठीत करू की इंग्रजीत? मी कधी केली नाही."

कॉट बेसिस

कलम सहा, मुलांनाही अशी एक सही असते. माझ्या मोठ्या भावाने माझ्या शिक्षणासाठी शिक्षण सोडले. त्याला ते कोणी सोडायला सांगितले नव्हते आणि सोडू नकोस असेही कोणी म्हणाले नव्हते. त्याचा हक्क कोणत्या पत्राने सुटला ते शोधावे लागेल.

कात्रज शिवाजीनगर

मी १९ वर्षांची आहे आणि माझी आई हे संकेतस्थळ वाचते, तेव्हा जपून लिहिते. (आई, मी अभ्यास झाल्यावर लिहिते आहे.)

माझ्या फोनचे लाइव्ह लोकेशन घरच्या तिघांना दिसते. बस स्वारगेटच्या सिग्नलला नेहमीपेक्षा जास्त थांबली की फोन येतो, "का थांबलीस?" मी थांबलेली नसते, पीएमपी थांबलेली असते. पहिले वर्षभर मला याचा फार संताप यायचा. मागच्या दिवाळीनंतर आजोबा पर्वतीच्या पायथ्याशी स्कूटरवरून घसरले. फार लागले नाही. त्या रात्री बाबा, आई आणि मी बसून ठरवले की त्यांना आता स्कूटर द्यायची नाही. किल्ली मीच त्यांच्या खुंटीवरून काढून माझ्या दप्तरात ठेवली. सकाळी ते टोपी घालून खुंटीपाशी उभे राहिले, खुंटी हाताने चाचपली, खाली वाकून पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "आजोबा, मी सोडते ना तुम्हाला." त्यांच्याशी काल रात्री कोणीच बोलले नव्हते. ते काही न बोलता टोपी काढून ठेवून आत गेले.

तेव्हापासून मी पेरूगेट काकांच्या मेहुण्यांवर सरसकट रागावू शकत नाही. तो पालथा फोन त्या दिवशी माझ्याच दप्तरात होता.

फळा खडू

किल्ली परत दिली का?

कात्रज शिवाजीनगर

दिली. डॉक्टरांकडे त्यांना घेऊन गेले आणि डोळे तपासून झाल्यावर त्यांनी स्वतःच ठरवले की दिवसाउजेडी, पेठेतल्या पेठेत, एवढेच चालवायचे. ते आमच्यापेक्षा कडक निघाले. आम्ही लक्ष्मी रोडपर्यंत सूट दिली असती.

उगाच मधे

लक्ष्मी रोडवर स्कूटर चालवायला सूट नव्हे, शौर्यपदक लागते.

कर्ता पुरुष

परवा लिहिल्याप्रमाणे घरी चौकशी केली. धाकट्या मुलीने सांगितले की माझ्या नावावर गेल्या दोन वर्षांत निदान सात नकार खपले आहेत, त्यांपैकी दोन मला ठाऊक होते. सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की "तुम्ही नाहीतरी नकोच म्हणाला असता, तुमचा वेळ वाचवला." मला यावर उत्तर सुचलेले नाही.

थोरल्याबद्दल मी वर जे लिहिले तेही अर्धेच होते. "मला अडवायला हवे होते" असे तो म्हणाला, हे खरे. पण प्रवेश घेतानाही मी त्याच्याशी बसून काही बोललो नव्हतो. "तुझे तू बघ" म्हणून धनादेश लिहिला होता. मला १९८९ साली माझ्या वडिलांनी न विचारता तंत्रनिकेतनात घातले होते. मी त्याच्या नेमके उलट केले आणि त्याला स्वातंत्र्य म्हणालो. जुनी वही म्हणतात तो धाक माझ्याही मनात असावा, फक्त मुलाशी बोलायचा. बाकी कर्जाचा मुद्दा मी मागे घेतलेला नाही.

पेरूगेट

सर्वांचे आभार. धागा भाचीला दाखवला. तिची परवानगी घेऊन पुढचे लिहितो.

ती आता कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिचे बरे चालले आहे. मी विचारले, सिव्हिल हुकल्याचे अजून वाईट वाटते का? ती म्हणाली, "मामा, बाबांनी शांतपणे आकडेवारी दाखवली असती तर कदाचित मीच कॉम्प्युटर वर टाकले असते. मला ते बटण माझ्या मनाने दाबायचे होते." मग मला विचारले, "आणि तू खोबरे का मागितलेस?" मी उत्तर दिले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती एकटी आधार केंद्रावर गेली. रांगेत दीड तास उभी राहिली, अंगठा दिला आणि आधारला स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडून आली. सज्ञान व्यक्तीला यासाठी वडिलांची सही लागत नाही, हे तिला खिडकीवरच कळले. घरी तिने सांगितले नाही. गेल्या आठवड्यात शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बापलेक पुन्हा त्याच टेबलाशी बसले. मेहुण्यांनी चष्मा लावला, आपला फोन या वेळी सुलटा, तिच्या बाजूला सरकवून ठेवला, म्हणजे त्यांच्याही मनात ती संध्याकाळ राहिली असावी. दोन मिनिटे झाली तरी फोन काही वाजेना. त्यांनी तो उचलून पाहिला, नेटवर्क पाहिले, खिडकीशी नेला. "आला नाही ग अजून," असे ते म्हणाले. भाची म्हणाली, "आला, बाबा. भरला पण."

बहीण सांगत होती की ते फोन हातात धरून थोडा वेळ खिडकीशीच उभे राहिले आणि मग विचारले, "चहा टाकू का?"

एक ते चार

आज सिलिंडर आला होता. परत गेला.